जमिनीचे हजेरीपत्रक : लँडसॅट आणि आपले आयआरएस

अक्षांश_एकोणीस

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर असे विधान वाचले की पृथ्वीची चित्रे घेणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट या उपग्रहमालिकेच्या चित्रांत आता पाहण्यासारखे काही राहिलेले नाही, कारण खासगी कंपन्यांच्या उपग्रहांना रस्त्यावरची मोटार दिसते आणि लँडसॅटला अजून धड एक घरही दिसत नाही. आकड्यांपुरते विधान खरे आहे. तरीही ते मला पटले नाही आणि उत्तर लिहायला बसलो तर ते प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे.

पृथ्वीचे चित्र वरून घेण्याची सुरुवात लँडसॅटपासून झालेली नाही. टायरॉस-१ हा हवामानाचा उपग्रह १ एप्रिल १९६० रोजी गेला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या कोरोना या गुप्त कार्यक्रमातील पहिली फिल्म हाती आली. त्या फिल्मची कुपी उपग्रहातून खाली सोडत आणि पॅसिफिकवर पॅराशूटने उतरत असताना ती विमानाने हवेतच आकड्यात पकडत. म्हणजे एकीकडे ढग पाहणारी, पण जमिनीचा तपशील न देणारी चित्रे होती आणि दुसरीकडे तपशील भरपूर, पण १९९५ पर्यंत तिजोरीत बंद असलेली चित्रे होती. शेती, जंगल, पाणी आणि खनिजे पाहणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असे मधले काहीच नव्हते.

ही फट अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक विल्यम पेकोरा यांना खटकत होती. त्यांच्या आग्रहावरून अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्यूअर्ट युडाल यांनी सप्टेंबर १९६६ मध्ये, नासाशी पुरते जमलेले नसतानाच, पृथ्वीच्या साधनसंपत्तीसाठी उपग्रह सोडण्याची घोषणा करून टाकली. संरक्षण खात्याला गुप्तता जाईल अशी भीती होती आणि अंदाजपत्रकवाल्यांच्या मते हेच काम विमानातून स्वस्तात होण्यासारखे होते. अखेर २३ जुलै १९७२ रोजी ईआरटीएस-१ हा उपग्रह कॅलिफोर्नियातून उडाला. पुढे १९७५ मध्ये त्याचेच नाव लँडसॅट-१ झाले. पेकोरा मात्र उड्डाणाच्या चारच दिवस आधी वारले होते.

त्या उपग्रहावर दोन उपकरणे होती. मानाचे पान टेलिव्हिजनच्या धर्तीच्या कॅमेऱ्यांना होते, कारण नकाशाकारांना एका क्षणात टिपलेली आणि भूमितीत नीट बसणारी चौकट हवी होती. दुसरे उपकरण ह्यूज कंपनीतील व्हर्जिनिया नॉरवुड यांनी रचलेला बहुवर्णपटीय, म्हणजे प्रकाशाचे अनेक पट्टे वेगवेगळे मोजणारा, स्कॅनर होते आणि ते जवळजवळ पाहुणा म्हणून घेतलेले होते. त्यात एक आरसा सेकंदाला तेरापेक्षा जास्त वेळा डावीउजवीकडे झुलत असे आणि प्रत्येक झोक्यात जमिनीच्या सहा ओळी चार वर्णपट्ट्यांत वाचल्या जात. अवकाशात अखंड धडकत झुलणारा आरसा किती दिवस टिकणार, अशी शंका पुष्कळांना होती. नॉरवुड यांच्या मंडळींनी नमुना ट्रकवर चढवून कॅलिफोर्नियात फिरवला आणि योसेमिटीतील हाफ डोम या कड्याचे चित्र घेऊन दाखवले. प्रत्यक्षात घडले उलटेच. विजेच्या बिघाडामुळे कॅमेरे दोन आठवड्यांतच बंद करावे लागले आणि पाहुण्या स्कॅनरने जानेवारी १९७८ पर्यंत तीन लाखांवर चित्रे दिली.

माझ्या मुद्द्याशी मात्र आरशापेक्षा कक्षेचा संबंध अधिक आहे. लँडसॅट सूर्याशी जुळवलेल्या कक्षेत फिरतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे आणि त्या फुगीर पट्ट्याच्या ओढीने उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू वळत राहते. कक्षा बरोबर ध्रुवांवरून न नेता सुमारे ९८ अंशांच्या कलाने ठेवली, तर हे वळणे दिवसाला साधारण एक अंश भरते आणि सूर्यही ताऱ्यांच्या संदर्भात दिवसाला तेवढाच सरकत असतो. त्यामुळे उपग्रह एखाद्या गावावरून दिवसा जेव्हा केव्हा जाईल, तेव्हा तेथे सकाळची साधारण तीच वेळ असते आणि एकाच ऋतूतील चित्रांत सावल्या सारख्याच पडतात. लँडसॅट-१ दर अठरा दिवसांनी त्याच जागेवर येत असे. १९८२ च्या लँडसॅट-४ पासून कक्षा ७०५ किलोमीटरवर आणली आणि फेरी सोळा दिवसांची झाली. पृथ्वीवरची प्रत्येक चौकट मार्ग आणि ओळ अशा दोन आकड्यांनी ओळखली जाते. पुण्याची चौकट १४७-४७ आहे आणि ती जशी १९८० च्या दशकात होती तशीच आजही आहे.

मोटार दिसणारे चित्र मागवले की येते. दर सोळा दिवसांनी कोणी न मागवताही येणारे चित्र ही वेगळी वस्तू आहे. शाळेतल्या हजेरीपत्रकात मुलाचा चेहरा दिसत नाही, पण तो कोणत्या दिवशी गैरहजर होता हे त्यातूनच कळते.

बांधावरून

लेख आवडला. एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर तीस मीटरचा, जुन्या उपग्रहांचा ऐंशी मीटरचा असे सांगतात, पण हे आकडे आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. माझे रान सव्वा एकराचे आहे. ते या उपग्रहांना किती दिसते?

अक्षांश_एकोणीस

गुंठ्यांत सांगतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. लँडसॅट-१ च्या स्कॅनरचा एक ठिपका जमिनीवर साधारण ७९ बाय ५७ मीटरचा पडत असे, म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस गुंठे. तुमचे सव्वा एकर, म्हणजे पन्नास गुंठे रान त्याला जेमतेम एक ठिपका दिसले असते आणि तेही ठिपक्याची कड तुमच्या बांधावर नेमकी आली असती तरच. एरवी शेजाऱ्याची ज्वारी आणि तुमचा हरभरा मिळून एकच रंग तयार झाला असता. तीस मीटरचा ठिपका म्हणजे नऊ गुंठे, तेव्हा आजच्या लँडसॅटला तुमच्या रानाचे पाच-सहा ठिपके मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ चा दहा मीटरचा ठिपका तर जवळजवळ बरोबर एक गुंठा भरतो. युरोपातल्या अभियंत्यांना ही सोय आपल्या सातबाऱ्यासाठी करायची नसणार, पण झाली आहे खरी.

काळी_माती

धागा उत्तम आहे, परंतु शीर्षकात आयआरएसचे, म्हणजे जमीन दुरून पाहणाऱ्या भारतीय उपग्रहमालिकेचे, नाव घालून मजकुरात त्याचा एक शब्दही नाही, याची नोंद करतो आणि ती उणीव माझ्या परीने भरून काढतो.

भारतात या विषयाची सुरुवात उपग्रहाने न होता नारळाने झाली. केरळात माडांना मूळकुजव्या रोगाने ग्रासले होते आणि १९७० मध्ये पिषारोथ रामा पिषारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर त्या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. रोगट माड डोळ्यांना हिरवेच दिसत होते, फिल्मवर मात्र ते निरोगी माडांपासून वेगळे ओळखू आले. पुढे हैदराबादला राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था उभी राहिली आणि १९७९ पासून शादनगरच्या स्थानकावर लँडसॅटची चित्रे थेट उतरू लागली. त्याच वर्षी ७ जूनला सोव्हिएत रॉकेटवरून भास्कर-१ गेला. त्याच्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांचा ठिपका एक किलोमीटरचा होता. ते शिकण्याचे वर्ग होते, असे म्हणणे योग्य ठरेल.

परीक्षा १७ मार्च १९८८ रोजी झाली. बैकानूरहून गेलेल्या आयआरएस-१ए मध्ये झुलणारा आरसा नव्हताच. त्याच्या लिस कॅमेऱ्यात २,०४८ संवेदकांची एक सरळ रांग होती आणि उपग्रह पुढे सरकेल तशी ही रांग जमीन झाडत जात असे. आरसा डावीउजवीकडे हलवून झाडायचे की रुंद केरसुणी सरळ पुढे ढकलायची, असा हा फरक आहे. केरसुणीच्या पद्धतीत हलणारा भाग नसतो आणि प्रत्येक संवेदकाला प्रकाश गोळा करायला जास्त वेळ मिळतो. उलट हजारो संवेदकांची संवेदनक्षमता एकसारखी करून घेण्याचे काम डोक्यावर येते. फ्रान्सच्या स्पॉट-१ ने १९८६ मध्ये हीच पद्धत वापरली होती. लँडसॅट तिच्यावर आला २०१३ मध्ये, आठव्या उपग्रहाला.

आणि २८ डिसेंबर १९९५ रोजी गेलेल्या आयआरएस-१सी चा ५.८ मीटरचा कृष्णधवल कॅमेरा हा त्या वेळी जगातील नागरी उपग्रहांमध्ये सर्वांत बारीक नजरेचा होता. १९९९ मध्ये इकोनॉस हा अमेरिकेतील खासगी उपग्रह येईपर्यंत तो मान आपल्याकडे राहिला. लँडसॅट-६ हा १९९३ मध्ये कक्षेत पोहोचलाच नाही, तेव्हा लँडसॅटची विक्री करणाऱ्या ईओसॅट कंपनीनेच आयआरएसची चित्रे जगभर विकायला घेतली होती. आता माझा प्रश्न असा की, इतके सगळे हाती असताना आपल्याच विद्यापीठांतील प्रबंधांमध्ये लँडसॅटची चित्रे का दिसतात?

अक्षांश_एकोणीस

उणीव मान्य आहे आणि ती भरून काढल्याबद्दल आभार. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अभियांत्रिकीत नाही, किमतीत आहे, आणि ती चूक अमेरिकेने आपल्याआधी करून पाहिली होती.

१९८४ मध्ये तेथे कायदा करून लँडसॅट खासगीकरणाच्या वाटेवर नेला गेला आणि पुढच्या वर्षी ईओसॅटकडे सोपवला. एका चित्राची किंमत ४,४०० डॉलरपर्यंत चढली. ज्या विद्यापीठाला एका जंगलाची वीस वर्षे पाहायची आहेत त्याला वीस चित्रे लागतात. त्याऐवजी तेथील लोक दोन चित्रे घेऊ लागले, एक जुने आणि एक नवे, आणि मधल्या अठरा वर्षांत काय झाले असावे याचा तर्क करू लागले. याहून वाईट गोष्ट अशी की ज्या भागाला गिऱ्हाईक नव्हते त्याची चित्रे घेण्यातही कुचराई झाली. लँडसॅट-५ वर चित्रे साठवण्याचा रेकॉर्डर नव्हता, त्यामुळे जेथे स्थानक ऐकत असेल तेथीलच जमीन नोंदली जाई. त्या काळाची संग्रहातील भोके आता कोणालाच बुजवता येणार नाहीत.

१९९२ मध्ये नवा कायदा होऊन कार्यक्रम सरकारकडे परत आला, १९९९ च्या लँडसॅट-७ चे चित्र ६०० डॉलरांवर उतरले आणि २००८ मध्ये सगळा संग्रह फुकट करण्याचा निर्णय झाला. (ब्राझीलने चीनसोबतच्या आपल्या सीबर्स उपग्रहाची चित्रे २००४ पासूनच फुकट दिली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.) विक्रीच्या सर्वांत चांगल्या वर्षी, २००१ मध्ये, साधारण २५ हजार चित्रे खपली होती, फुकट झाल्यानंतर वर्षाच्या आत दहा लाख उतरवून घेतली गेली. आजच्या प्रबंधांत लँडसॅट दिसतो तो यामुळे. आपल्याकडे २००९ मध्ये इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळ आले आणि २०२३ च्या अंतराळ धोरणाने पाच मीटर व त्याहून जाड ठिपक्याची चित्रे खुली ठेवण्याचे ठरवले. आयआरएसच्या लिस-३ कॅमेऱ्याची जुनी चित्रे भूनिधी या सरकारी संकेतस्थळावर चाळून पाहा, वेळ कसा गेला ते कळणार नाही.

जुना_नकाशेवाला

मी या क्षेत्रात आलो तेव्हा संगणकाला हात लावण्याचा मान आम्हाला नव्हता. एका सरकारी कार्यालयात, ज्याचे नाव घेत नाही, चित्राची मोठी कागदी प्रत येत असे. ती दिव्याच्या काचेच्या टेबलावर पसरायची, वर पारदर्शक फिल्म चिकटवायची आणि भिंगातून पाहत बारीक पेनाने हद्दी काढायच्या. पावसाळ्यात कागद फुगायचा आणि फिल्म मात्र जागच्या जागी राहायची, त्यामुळे सकाळी काढलेली नदी संध्याकाळी दोन मिलिमीटर सरकलेली असायची. एकास अडीच लाख प्रमाणाच्या नकाशात दोन मिलिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर.

त्या प्रतीत झाडोरा लाल दिसतो, हे नव्या मुलांना चमत्कारिक वाटते. पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, पण पानाच्या आतील पेशींची रचना अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत फेकते. डोळ्यांना न दिसणारा तो अवरक्त पट्टा छापताना लाल शाईला दिला की भरदार पीक लालभडक उठते, कापसाची काळी जमीन निळसर काळी येते आणि खोल स्वच्छ पाणी जवळजवळ काळे येते.

यात मी एकदा चांगलाच फसलो. एप्रिलच्या चित्रात नदीच्या दोन्ही काठांना ठसठशीत लाल पट्टा होता. आजूबाजूची जिराईत जमीन उघडी पडलेली, तेव्हा हा बागायती ऊसच असणार असे समजून मी सगळा पट्टा ऊस म्हणून रंगवला. साहेबांनी सहीही केली. मे महिन्यात जीपने पडताळणीला गेलो तर काठाला वेडी बाभूळ माजलेली, उन्हाळ्यातही हिरवीगार, आणि उसाचे शेत शोधून तिसरे सापडेना. जीपच्या ड्रायव्हरला हे आधीपासून ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच. तेव्हापासून मी एका तारखेच्या चित्रावर पिकाचे नाव लिहीत नाही. ऊस कापला जातो, बाभूळ कापली जात नाही. दोन ऋतूंची चित्रे शेजारी ठेवली की दोघे वेगळे होतात. अक्षांश यांच्या हजेरीपत्रकाला माझे अनुमोदन आहे ते या कारणाने.

पाऊसपाणी

चर्चा चांगली चालली आहे, पण आपण सगळे कोरड्या ऋतूबद्दल बोलत आहोत. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोकणाचे निरभ्र चित्र मिळणे हा योगायोग असतो आणि नेमका तोच खरिपाचा काळ आहे. सोळा दिवसांनी येणारा उपग्रह ढगांवर येऊन गेला तर हजेरीपत्रकात त्या दिवशी रकाना कोराच राहतो. भाताची लावणी किती झाली, हे ऑक्टोबरमध्ये कळून उपयोग नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतःचा प्रकाश घेऊन जाणारे उपग्रह. रडार आपल्या लहरी तिरप्या सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजते. ढग आणि रात्र यांचा त्याला अडथळा होत नाही. आपला रिसॅट-१ एप्रिल २०१२ मध्ये आणि युरोपचा सेंटिनेल-१ए एप्रिल २०१४ मध्ये गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात पसरले तेव्हा वरून ढगांचे छप्पर होते, पण रडारच्या चित्रांत पुराचा फुगवटा स्पष्ट दिसत होता. संथ पाणी आरशासारखे वागते, लहर पुढे उडवून देते आणि स्वतः काळे दिसते.

मात्र येथेही फसायला जागा आहे. पाच-साडेपाच सेंटिमीटरची लहर उसाच्या पाल्यावरच अडते, त्यामुळे बुडाशी कमरेइतके पाणी असलेले उसाचे शेत कोरडे समजले जाण्याचा धोका असतो. चोवीस सेंटिमीटरची लांब लहर पाल्यातून आत जाते, पाण्यावर आपटते, तेथून उसाच्या कांड्यांवर आपटते आणि जोराने परत येते, म्हणजे बुडालेला ऊस काळा न दिसता उलट उजळ दिसतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहावर नासाचे हेच लांब लहरीचे रडार आहे आणि सोबत इस्रोचे त्याहून आखूड लहरीचे. दोन्ही मिळून बारा मीटरची एक जाळीदार छत्री वापरतात आणि बारा दिवसांनी त्याच जागेवर येतात.

पहिले_वर्ष

मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे. लँडसॅट-७ ची २००३ नंतरची चित्रे उतरवली तर प्रत्येकावर काळे तिरके पट्टे आहेत. मला वाटले माझ्याच संगणकात बिघाड आहे. सर म्हणाले की ती वापरू नकोस. पण मग २००३ ते २०१३ या काळाचे काय करायचे?

अक्षांश_एकोणीस

संगणक ठीक आहे. आरसा एका झोक्यात कडेला पोहोचेपर्यंत उपग्रह थोडा पुढे गेलेला असतो, म्हणून ओळी नागमोडी पडतात. त्या सरळ करण्यासाठी लँडसॅट-७ मध्ये छोट्या आरशांची एक जोडी होती. ती ३१ मे २००३ रोजी बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली नाही. तेव्हापासून प्रत्येक चित्रातील सुमारे २२ टक्के जागा कोरी आहे. परंतु पट्टे कडेला रुंद आणि मध्याकडे निमुळते असतात आणि मधला साधारण २२ किलोमीटरचा भाग पूर्ण शाबूत असतो. तुमचे क्षेत्र मध्यावर असेल तर चित्र बिनधास्त वापरा.

त्या दशकासाठी खरा आधार लँडसॅट-५ आहे. तीन वर्षांसाठी बांधलेला हा उपग्रह मार्च १९८४ मध्ये गेला आणि २०१३ मध्ये त्याला रजा देण्यात आली. फक्त या दोघांचे आकडे शेजारी ठेवताना कच्चे आकडे घेऊ नका, दुरुस्त केलेली परावर्तनाची (म्हणजे जमिनीने किती प्रकाश परत फेकला त्याची) मूल्येच घ्या, कारण काच आणि संवेदक वयाप्रमाणे मंदावतात आणि मंदावलेला संवेदक निरोगी जंगलही वाळलेले दाखवतो. हे ताडण्यासाठी वाळवंटातील न बदलणाऱ्या जागा पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात. लँडसॅट-८ तर दर महिन्याला पौर्णिमेच्या सुमारास मान वळवून चंद्राकडे पाहतो, कारण चंद्राचा उजेड किती असायला हवा याचे गणित पक्के आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लँडसॅट-९ गेल्यावर त्याला काही दिवस लँडसॅट-८ च्या खालून नेऊन दोघांकडून तीच जमीन एकाच वेळी टिपून घेतली होती.

जुन्या स्कॅनरची खूण पाहायची असेल तर १९७३ च्या आसपासचे मुंबईचे चित्र घ्या आणि किनारा सोडून समुद्राचा भाग मोठा करा. सपाट पाण्यावर दर सहा ओळींनी तीच फिकी-गडद नक्षी परत येताना दिसेल. आरशाच्या एका झोक्यात वाचणारे ते सहा संवेदक. प्रत्येकाची नजर दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळी होती.

पहिले_वर्ष

पट्ट्यांचे आत्ता कळले. माझा विषय लोणार आहे. २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले ते लँडसॅटला दिसले होते का?

अक्षांश_एकोणीस

दिसले होते. लँडसॅट-८ चे २५ मे २०२० चे चित्र हिरवट आहे आणि १० जूनचे गुलाबी. दोन तारखांमधील अंतर मोजा, बरोबर सोळा दिवस भरतील. म्हणजे ही लागोपाठच्या दोन फेऱ्यांची चित्रे आहेत आणि रंग नेमका कोणत्या दिवशी पालटला ते त्यांच्या मधे लपलेले आहे. पाण्याची रुंदी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर धरली तर आडव्या ओळीत चाळीसएक ठिपके मिळतात. काठावरचे दोन-दोन ठिपके सोडून द्या, त्यांत झाडी मिसळलेली असते. मधल्या तारखांसाठी सेंटिनेल-२ ची पाच दिवसांच्या अंतराची चित्रे शोधा, आणि जूनची असल्याने आधी ढग तपासा.